चार्जर धरून

डेक्लन म्हणाला, अकराशे ग्रॅम. पिसासारखा.
मी तळहातावर घेतला, डोळे मिटले,
म्हटलं, बाळा, चार्जर धरून सांग.

सव्वीस वर्षं ग्रिम्सबीच्या पोस्टात, काउंटरमागे,
या हातांनी पार्सलं जोखली.
पोलंडला निघालेले लोकरीचे मोजे,
तुरुंगातल्या मुलासाठी आईनं दिलेले बूट,
एकदा बर्फात गुंडाळलेला हॅडॉक, तो मी परत केला.
काट्याआधी हात बोलायचा
आणि काटा बहुतेकदा माझंच ऐकायचा.

आता उजवा खांदा रुसलाय.
मंगळवारी दोन बस बदलून जाते मी,
चर्चच्या हॉलमध्ये लोकांचे फॉर्म भरून द्यायला.
जुना अडीच किलोचा.
कडेवर मूल घेतल्यासारखा न्यावा लागतो.

जुना बिघडलेला नाही, हे आधी सांगते.
पंख्याला जरा दमा आहे, एवढंच.
पण एका सकाळी चहा ओतत असताना
पडद्यावर चौकट उगवली:
या यंत्राला यापुढे अपडेट मिळणार नाहीत.
सही नाही, शिक्का नाही.
अशी पत्रं आम्ही निदान रजिस्टर करून पाठवायचो.

डेक्लननं आधी स्वस्तातला नवा दाखवला.
पडद्यावर घोडे पळत होते, पाणी उडत होतं.
याला किती वर्षं अपडेट?
दोन, तो म्हणाला, कदाचित अडीच.
दोन वर्षं तर माझं लिंबाचं लोणचंही टिकतं.
दुसरा चांगला होता, पण त्याची किंमत ऐकून
मी चष्मा पुसला आणि पुन्हा लावला. तीच होती.

मग हा.
कुठल्याशा विमा कंपनीतून परत आलेला,
डाव्या कोपऱ्याला पोचा,
दोनशे पासष्ट पौंड.
अपडेट दोन हजार चौतीसच्या जूनपर्यंत.
मी हातचा धरून हिशेब केला: शहात्तर.
तो मोठ्यानं म्हणाला, बापरे, मी तेव्हा अठ्ठावीस!
आणि असा हसला
जणू मीच त्याच्याविषयी काही खोटंनाटं पसरवलंय.

आणि जूननंतर?
चालत राहील की, वायरींचा गुंता सोडवत तो म्हणाला,
फक्त त्याच्याकडे कुणी बघणार नाही.

बाहेर फ्रीमन स्ट्रीटवर समुद्रपक्षी
कुणाचे तरी चिप्स ओढत होते.
मी थोडा वेळ तेच पाहिलं.

मग विचारलं, यावर ळ येईल?
काय येईल?
ळ.
ल? नाही. र? नाही रे.
जीभ मागे ने, टाळूला टेकव आणि सोड.
त्यानं प्रामाणिकपणे चार वेळा प्रयत्न केला,
पाचव्यांदा जवळपास जमलं,
मागच्या रांगेतली बाई टाळ्या वाजवायला लागली.
सेटिंगमध्ये मराठी सापडली, ळ सापडला,
मी पैसे मोजले.

घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, चार्जर धरून:
तेराशे ऐंशी.
दुकानात मी मनाशी चौदाशे धरले होते.
वीस ग्रॅमची चूक. पूर्वी झाली नसती.

याच्या कळा कोऱ्या आहेत, फक्त इंग्रजी.
जुन्यावर अच्युतनं अक्षरं चिकटवली होती,
नखं कापायच्या कात्रीनं कापलेले चौकोन,
स्वर लाल, व्यंजनं निळी.
अर्धे झिजले. ण कधीच गेला.
काल रात्री दिव्याखाली बसून
सुरीच्या टोकानं एकेक सोडवत होते.
सगळे फाटले. एकच सबंध निघाला,
तो नव्यावर लावला, थोडा तिरका.

पहिलं टाईप केलं ते सामान:
केळी
मसूर डाळ
तांदूळ, छोटी पिशवी
हळद
काळे तीळ मिळाले तर
साबण